कंटेनरमधला एक किलो वायू

म्हसवडच्या आठवडी बाजारात तूरडाळ घेणारं गिऱ्हाईक भाव विचारतं, डाळ लवकर शिजते का ते विचारतं. तूर कुठल्या देशात पिकली हे विचारत नाही. दुकानदारालाही ते बहुधा ठाऊक नसतं. एकदा गिरणीत भरडून पॉलिश झाली आणि पोत्यावर गिरणीचा शिक्का बसला की मोझांबिकची तूर आणि माणदेशातली तूर सारखीच. कडधान्य पिकवण्यात भारत जगात पहिला आणि खाण्यातही पहिला. पिकतं त्यापेक्षा खाणं जास्त, म्हणून म्यानमार, टांझानिया, मोझांबिकची तूर, ऑस्ट्रेलियाचा हरभरा, कॅनडाची मसूर आणि पिवळा वाटाणा जहाजांनी येत राहतो. यातल्या पुष्कळशा मालाने आपल्या ताटात येण्याआधी एक विलक्षण दिवस काढलेला असतो: हवाबंद जागेत, रंग नसलेल्या आणि जवळजवळ वासही नसलेल्या एका विषारी वायूत.

वीस फुटी कंटेनरची आतली जागा साधारण ३३ घनमीटर भरते. नियम सांगतो की तापमान २१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल तर दर घनमीटरला ३२ ग्रॅम मिथाइल ब्रोमाइड २४ तास ठेवावा. गुणाकार करून पाहा, एक किलोपेक्षा किंचित जास्त वायू लागतो. वीस-बावीस टन धान्य, त्याच्या फटीफटीत दडलेले भुंगे, दाण्याच्या पोटातल्या अळ्या, डोळ्यांना न दिसणारी अंडी, आणि या सगळ्यांसाठी एक किलो वायू.

हा नियम आला कुठून? त्याचं आजचं रूप म्हणजे २००३ सालचा केंद्र सरकारचा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश. त्याला आधार १९१४ च्या विध्वंसक कीटक व उपद्रव कायद्याचा. ब्रिटिशांनी फेब्रुवारी १९१४ मध्ये केलेला हा दोन-चार पानी कायदा अजून जिवंत आहे. आदेशाच्या अनुसूच्या मात्र शेकडो पानांच्या. चौथ्या अनुसूचीत कुठल्या देशातून काय मुळीच आणायचं नाही त्याची यादी. पाचवीत खास परवानगीने, संशोधन संस्थांच्या शिफारशीने आणायच्या वस्तू. सहावीत अटी घालून आणायच्या वस्तू. सातवीत खाण्यासाठी किंवा कारखान्यासाठी येणारा, तुलनेने कमी धोक्याचा माल. धुरीची, म्हणजे या वायू-उपचाराची, मात्रा, तास, तापमान यांचे तपशील बहुतेक सहाव्या अनुसूचीत सापडतात. या व्यवस्थेतली सगळ्यात कडक गोष्ट या याद्यांबाहेर आहे. ज्या वस्तूचं नाव कुठल्याच यादीत नाही ती आणताच येत नाही. आधी तिच्याबरोबर कुठली कीड येऊ शकते याचा अभ्यास व्हायचा, मग ती यादीत चढायची, मग परवाना.

माल निघतो त्या देशाच्या सरकारी खात्याने वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र द्यायचं आणि धुरी दिली असेल तर औषध, मात्रा, तास, तापमान हे सगळं त्यावर लिहायचं. न्हावा शेवाला माल उतरला की संगरोध केंद्राचा अधिकारी कागद पाहतो, नमुना काढतो, चाळणीवर चाळतो, भिंगाखाली धरतो. जिवंत कीड सापडली की पुन्हा धुरी. नियमातली कीड सापडली की माल परत किंवा नष्ट. मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर रस्त्यावरचं प्रादेशिक केंद्र हे या कामाचं जुनं ठाणं. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि कंटेनरची गर्दी खाडीपलीकडे गेली.

हवाबंद जागेत कीड मारण्याची कल्पना मात्र माणदेशाला कोणी परदेशातून आणून दिलेली नाही. पेव माहीत असलेली पिढी अजून इथे आहे. मुरमाड, कोरड्या जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं, भिंतींना शेणाचा लेप, तळाला आणि कडेला कडबा किंवा पाचट, वर जोंधळा भरून तोंड मातीने लिंपलेलं. माण, आटपाडी, जत या पट्ट्यात दुष्काळ पाचवीला पुजलेला, त्यामुळे एका चांगल्या वर्षाचा जोंधळा दोन-तीन वाईट वर्षांपर्यंत पुरवायचा तर पेवाला पर्याय नव्हता. आत घडतं ते असं: धान्य आणि त्यातली कीड दोन्ही श्वास घेतात. बंद पोकळीतला प्राणवायू हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि प्राणवायू दोन-तीन टक्क्यांच्या खाली गेला की किडीच गुदमरून मरतात. कीड जितकी जास्त तितका प्राणवायू लवकर संपतो. किडीने स्वतःच स्वतःला मारण्याची ही तजवीज आहे. आज धान्य साठवणीच्या हवाबंद पिशव्या विकल्या जातात, त्यांच्यामागचं शास्त्र शब्दशः हेच.

पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, दिवा सोडून पाहावा, तो विझला तर थांबावं, हेही जुन्या माणसांना पक्कं माहीत. न ऐकणारे पेवात पडून गेले, अशा गोष्टी या भागातल्या बऱ्याच गावांत ऐकायला मिळतात. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरची हळदीची पेवं याच तत्त्वावर चालायची; हळद त्यांत वर्षानुवर्षं रंग न बदलता राहायची. २००५ च्या महापुरात त्यांपैकी बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि तो व्यवहार खचला. जागा बंद करा, पुरेसा वेळ द्या, उघडल्यावर वारं खेळू द्या: पेवाच्या या तीन गोष्टींत चौथी, वायूची मात्रा, मिळवली की आधुनिक धुरीचं पुस्तक तयार होतं. चारांपैकी एक जरी चुकली तरी बाकी तीन फुकट.

ती कशी चुकते ते बंदरावर दिसतं. पोत्यांच्या थप्पीवर जाड प्लास्टिकची ताडपत्री टाकतात, कडेने जमिनीवर वाळूने भरलेल्या लांब नळकांड्या पिशव्या ठेवून फट बुजवतात. मिथाइल ब्रोमाइड ३.६ अंशाला उकळतो, म्हणून सिलिंडरमध्ये द्रव असतो आणि बाहेर येताच वायू होतो. तो हवेच्या तिप्पटीहून जड. सोडून नुसतं थांबलं तर खाली बसेल आणि वरची पोती तशीच राहतील, म्हणून पंखा लावून ढवळावा लागतो. ठिकठिकाणी घुसवलेल्या बारीक नळ्यांमधून हवा ओढून मीटरवर वायू किती उरला ते मोजतात. चोवीस तासांनी आकडा ठरल्यापेक्षा खाली असेल तर कुठून तरी गळती झाली, सगळं पुन्हा. माल आतून मेणकागदात किंवा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला असेल तर वायू आत जातच नाही, आणि तेव्हा दिलेली धुरी ही फक्त कागदावरची धुरी असते. शेवटी ताडपत्री उघडून वारं द्यायचं, आणि हवेच्या दहा लाख भागांत वायूचे पाच भाग एवढं प्रमाण खाली आल्याशिवाय माणसाने जवळ जायचं नाही. या वायूला वास जवळजवळ नसल्यामुळे त्यात दोन टक्के क्लोरोपिक्रिन मिसळण्याची पद्धत आहे. तो अश्रुधूर. डोळे चुरचुरले की पळायचं.

दुसरं औषध फॉस्फिन. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतला ओलावा शोषून हा वायू सोडतात; तीन ग्रॅमच्या गोळीतून एक ग्रॅम. तो स्वस्त, धान्यात सहज शिरणारा, पण सावकाश: मिथाइल ब्रोमाइड एका दिवसात करतो त्याला फॉस्फिनला पाच-सात दिवस किंवा अधिक लागतात. जहाज समुद्रात असताना हा वेळ फुकट मिळतो, म्हणून पुष्कळ माल वाटेतच फॉस्फिनमध्ये असतो. इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते जरूर आहे. हीच गोळी गावोगाव ‘सल्फास’ या नावाने ओळखली जाते, आणि घरातल्या कणगीत, ज्या खोलीत माणसं झोपतात तिथे ती टाकली जाते. कायद्याने ही गोळी फक्त सरकारी यंत्रणेला आणि प्रशिक्षित कीडनियंत्रण करणाऱ्यांना विकायची आहे. बंदरावर जे काम मीटर, मुखवटा आणि प्रमाणित माणूस घेऊन करतात ते झोपायच्या खोलीत गोळी टाकून करता येत नाही. घरच्या धान्याला कडक ऊन, कडुनिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा पुरेसा आहे.

आता इतिहासाकडे. भारतात आयात मालाला सक्तीची धुरी पहिल्यांदा लागली ती धान्यासाठी नव्हे, कापसासाठी, आणि ती मुंबईच्या गिरण्यांमुळे. मुंबईच्या कापडगिरण्यांना बारीक सुतासाठी लांब धाग्याचा अमेरिकन कापूस हवा होता. अमेरिकेत त्याच वेळी बोंड पोखरणाऱ्या एका मेक्सिकन सोंडक्याने थैमान घातलं होतं. १८९२ च्या सुमारास तो रिओ ग्रांदे नदी ओलांडून टेक्सासमध्ये शिरला आणि पुढच्या तीस वर्षांत अमेरिकेच्या जवळजवळ सगळ्या कापूसपट्ट्यात पसरला. त्याने इतके शेतकरी मोडले की अलाबामातल्या एंटरप्राइझ गावच्या लोकांनी कापूस सोडून भुईमूग धरला, त्यात पैसा मिळाला, आणि १९१९ मध्ये त्यांनी भर चौकात त्या किड्याच्या नावाने स्मारकच उभारलं. किडीचं स्मारक बांधणारं गाव माझ्या माहितीत हे एकच.

हा सोंडक्या कापसाच्या गाठीतून इकडे आला तर वऱ्हाड, खानदेशाचं काय होईल, या भीतीने सरकारने १९०६ मध्ये अमेरिकेहून येणाऱ्या कापसाच्या गाठींना सक्तीची धुरी लावली. कायदा त्यानंतर आठ वर्षांनी आला. म्हणजे धुरी आधी, कायदा मागून. पुढे मुंबईत त्यासाठी वापरलेलं औषध हायड्रोसायनिक आम्लाचा वायू, म्हणजे सायनाइड. कॅलिफोर्नियात १८८६ पासून संत्र्या-मोसंब्यांच्या झाडांवर तंबू टाकून हाच वायू सोडत असत. पण झाडाच्या पानांमध्ये वायू शिरणं वेगळं आणि यंत्राने दाबून लाकडासारख्या घट्ट केलेल्या गाठीच्या गाभ्यापर्यंत शिरणं वेगळं. हा प्रश्न पुढे इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या माटुंग्याच्या तांत्रिक प्रयोगशाळेकडे आला. १९२४ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगशाळेचे पहिले संचालक ए. जे. टर्नर आणि त्यांचे सहकारी डी. एल. सेन यांनी मुंबईत अमेरिकन कापसाला सायनाइडची धुरी देण्यावर सविस्तर काम केलं. तीच संस्था आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून माटुंग्यात उभी आहे. मेक्सिकन सोंडक्या आजवर भारतात स्थिरावलेला नाही. याचं श्रेय सगळं धुरीला द्यावं की थोडं नशिबाला, हे सांगता येणार नाही, पण एका शतकाहून जास्त काळ एखादी कीड बाहेर राहिली हे दुर्मीळ यश आहे.

यातली गंमत वेगळीच. गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा १८४३ मध्ये झालं ते गुजरातेतल्या भडोचहून पाठवलेल्या नमुन्यांवरून. सरकार अमेरिकेच्या सोंडक्याला बंदरात अडवत होतं त्याच सुमारास, १९०६-०७ मध्ये, ही आपली बोंडअळी भारतीय कापसाच्या सरकीबरोबर इजिप्तला पोचली. इजिप्तहून १९११ मध्ये सरकीबरोबरच मेक्सिकोला, तिथून १९१७ मध्ये टेक्सासला. ज्या टेक्सासच्या किडीची मुंबईला भीती वाटत होती, त्याच टेक्सासला आपण आपली कीड दिली, आणि तीही फक्त अकरा वर्षांत. एक फट बुजवली तेव्हा दुसरी, उलट दिशेची, सताड उघडी होती. अमेरिकेने नांगरट, वांझ केलेले पतंग, बीटी कापूस, सगळं पणाला लावून २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी देशातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, विदर्भ-मराठवाड्याचा बीटी कापूस याच अळीने खाऊन टाकला होता.

जगातल्या संगरोध खात्यांना सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती आणखी एका आपल्या किड्याची, खापरा भुंग्याची. भारतीय उपखंडातला हा केसाळ अळ्यांचा छोटा भुंगा गोदामांच्या भिंतींच्या फटीत अन्नावाचून वर्षानुवर्षं सुप्त पडून राहू शकतो आणि धान्य आलं की जागा होतो. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टुलारीच्या गोदामात तो सापडला आणि अमेरिकेने मोठी मोहीम चालवली. आख्ख्या इमारती ताडपत्रीखाली झाकून त्यांत मिथाइल ब्रोमाइड सोडला. १९६६ पर्यंत तो संपला. पण भीती गेली नाही: २०११ पासून भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला अमेरिकेत सामानातून तांदूळ नेता येत नाही. लेकीसाठी आंबेमोहोर बांधून घेणाऱ्या आईला विमानतळावर तो का काढून घेतात, याचं उत्तर या भुंग्यात आहे.

आता नियम मोडता येत नाही पण पाळताही येत नाही अशी एक गंमत पाहू. मिथाइल ब्रोमाइडला ऊब लागते. तापमान उतरत गेलं की मात्रा वाढवावी लागते, आणि दहा अंशांच्या खाली धुरी द्यायचीच नाही असा दंडक. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, जिथे आपली मसूर आणि वाटाणा पिकतो, हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत जातो. कॅनडाचं म्हणणं: इतक्या थंडीत धुरी चालत नाही, आणि इतक्या थंडीत तुमच्या नियमातली कीडही जगत नाही. शिवाय मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला भोक पाडतो म्हणून आम्ही तो सोडलाय. भारताने २००४ पासून सवलत देत, पुन्हा पुन्हा मुदत वाढवत, माल इथे उतरल्यावर इथल्या उबेत धुरी द्यायची मुभा दिली. २०१७ मध्ये देशात डाळींचं उत्पादन उदंड झालं आणि भाव पडले, तेव्हा सवलत बंद करण्याची भाषा सुरू झाली. त्याच नोव्हेंबरात वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्कही लागलं. किडीचा नियम आणि शेतमालाच्या भावाचं राजकारण यांतली रेघ इथे पुसट होते. माझ्या मते शुल्क हा शेतकऱ्याला वाचवण्याचा प्रामाणिक मार्ग. किडीचं कारण पुढे करून तेच काम केलं की उद्या आपल्या द्राक्षांनाही कोणी असंच अडवेल, आणि तेव्हा आपल्याला बोलायला तोंड उरणार नाही.

ओझोनचा मुद्दा मात्र खरा. मिथाइल ब्रोमाइडची कीडनाशक ताकद फ्रान्समध्ये ल गुपिल यांनी १९३२ मध्ये दाखवली आणि साठ वर्षांनी, १९९२ च्या कोपनहेगन बैठकीत, तो मॉन्ट्रियल कराराच्या यादीत गेला. विकसित देशांनी २००५ पर्यंत, आपल्यासारख्यांनी २०१५ पर्यंत तो बंद करायचा होता. त्यातून एकच वापर वगळला: संगरोध आणि जहाजात माल चढण्यापूर्वीची धुरी. म्हणजे शेतात बंद, गोदामात बंद, बंदरात चालू. जगाला ओझोन वाचवायचा आहे, पण परकी कीड आत येणं त्याहून धोक्याचं वाटतं.

मालाइतकंच मालाखालचं लाकूडही संशयित. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आशियाई खोडकिडा सापडला तो बहुधा चीनहून आलेल्या लाकडी पेट्यांतून. त्यानंतर २००२ मध्ये जगाने एक मानक ठरवलं: पॅकिंगचं लाकूड एकतर गाभ्यापर्यंत ५६ अंशांना अर्धा तास तापवायचं, नाहीतर मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यायची, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचा संकेत, कारखान्याचा क्रमांक आणि प्रक्रियेची अक्षरं असा शिक्का डागायचा. म्हसवड, आटपाडी, विटा भागात भंगारवाल्याकडून आणलेल्या या लाकडी पॅलेटच्या कोंबड्यांच्या खुराड्यांना, गोठ्याच्या दारांना तोटा नाही. कडेची फळी नीट पाहिली तर शिक्का सापडतो, आणि ते लाकूड कुठल्या देशाच्या भट्टीत तापलं ते वाचता येतं.

वायूने जे होत नाही त्याचं उदाहरण प्रत्येक बांधावर उभं आहे. गाजर गवत. काँग्रेस गवत हे त्याचं दुसरं नाव, आणि अमेरिकेच्या पीएल ४८० या अन्नमदत योजनेतल्या गव्हाबरोबर ते आलं हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. यात एक अडचण आहे. भारताचा पीएल ४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, आणि पुण्यात हे गवत त्याआधीच दिसलं होतं. भारतातली नवी नोंद म्हणून त्याच्यावर १९५६ मध्येच शास्त्रीय लेख छापून आला. १९५१ मध्ये अमेरिकेने दुष्काळासाठी धान्यकर्ज दिलं होतं, त्या गव्हातून बी आलं असणं जास्त जुळतं. काही वनस्पतिशास्त्रज्ञ तर १८१४ सालच्या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या यादीकडे बोट दाखवतात. काही असो, एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरणारं हे तण माळरानावर पसरायला कोणाची वाट पाहणार नव्हतं.

त्या गव्हाला धुरी दिली असती तर? बहुधा काही फरक पडला नसता. किडीला मारणाऱ्या मात्रेत कोरडं बी तग धरतं; म्हणूनच पेरणीचं बियाणंही धुरी देऊन आणता येतं. तणाच्या बियांसाठी वायू नव्हे, चाळणी आणि नजर लागते. आजच्या आदेशात संगरोध तणांची वेगळी अनुसूची आहे, पण २००६-०७ मध्ये देशात गहू कमी पडला तेव्हा बाहेरच्या गव्हात तणांचं बी सापडूनही अटी सैल केल्या गेल्या. भूक लागली की चाळणीची छिद्रं मोठी होतात. गाजर गवतावर १९८३-८४ मध्ये मेक्सिकोहून एक भुंगा आणून सोडला. बंगळुरूला संगरोधात ठेवून, तो दुसरं काही खात नाही ना याची खात्री करून मग. पावसाळ्यात गवताची पानं चाळणीसारखी झालेली दिसली तर त्याचं काम चालू आहे असं समजावं. नव्या किडी मात्र येतच राहतात: टोमॅटोची पानं पोखरणारी दक्षिण अमेरिकन अळी २०१४ मध्ये पुणे-सातारा-नगर भागात दिसली आणि मक्यावरची लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकातून सोलापूर-सांगलीकडे सरकली. यांतली दुसरी तर पंखांवर येते. तिला कुठल्या ताडपत्रीखाली घालणार?

पुष्कळ फळांना वायू मानवत नाही, मिथाइल ब्रोमाइडने साल डागाळते, म्हणून तिथे वेगळे उपाय निघाले. आणि तिथे आपण आयात करणारे नसून संशयित असतो. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतातून येणारा आंबा, कारलं, वांगं, पडवळ आणि अळू बंद केलं. आदल्या वर्षी २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून पाठवण्याची व्यवस्था उभी राहिली आणि जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. जपानला जाणारा आंबा वाशीला बाष्पाच्या उष्णतेतून जातो. अमेरिकेची अडचण कोयीत बसलेला भुंगा ही होती. तिथे पोचेल इतकी उष्णता दिली तर आंबा शिजेल. म्हणून २००७ पासून आंबा ४०० ग्रे मात्रेच्या गॅमा किरणांतून जातो, आधी लासलगावला, भाभा अणु संशोधन केंद्राने कांद्यासाठी उभारलेल्या ‘कृषक’ केंद्रात, मग वाशीतही. यात कीड मरतेच असं नाही, ती वांझ होते. अमेरिकन अधिकाऱ्याला जिवंत भुंगा सापडला तरी चालतं, बरोबरचा कागद बरोबर हवा. मे २०२५ मध्ये विकिरण होऊन विमानाने गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेने कागदपत्रातल्या त्रुटीमुळे अडवल्या. परत आणण्याचा खर्च फळाहून जास्त, म्हणून ती फळं तिथेच नष्ट करावी लागली.

माणदेशाचा यात थेट संबंध डाळिंबाचा. आटपाडी, माण, सांगोला या अवर्षणपट्ट्याने भगव्या डाळिंबावर संसार उभे केले, आणि परदेशात हेच डाळिंब ‘आयात माल’ म्हणून त्यांच्या संगरोधासमोर उभं राहतं. अमेरिकेला २०२३ मध्ये विमानाने चाचणीची पहिली खेप गेली, विकिरण करून. विमानाचं भाडं मात्र फळाच्या भावाला गिळतं. म्हणून ६ डिसेंबर २०२४ रोजी सोलापूर भागातली ५.७ टन डाळिंबं समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाला निघाली. खापरा भुंग्याच्या भीतीने आपल्याकडून जाणाऱ्या कंटेनरवर २०२०-२१ पासून जास्तच कडक नजर ठेवणारा हा देश. १३ जानेवारी २०२५ रोजी माल सिडनीला उतरला. वाटेत ३८ दिवस गेले, आणि तेवढे दिवस पेटीतलं फळ टिकलं तरच या भागातल्या बागायतदाराला जहाजाचं भाडं परवडतं.